चुलीत गेलेली चिठ्ठी

एस्तर गेल्याची बातमी मला लिडियाने दिली, आणि सहा आठवडे होऊन गेले तरी ते मला गिळता आलेलं नाही. मरण कुणाच्या हातात नसतं, हे मान्य. पण बातमी कुणी कुणाला द्यावी याला काही रीत असावी की नाही? एस्तर भालेराव एकोणीस वर्षं माझ्या समोरच्या दारात राहत होती. आखातातल्या या शहरात, करामा वस्तीतली आमची जुनी चार मजली इमारत, तिसरा मजला, दोन दारांमध्ये जेमतेम सहा पावलं. तिच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजायचे आणि माझ्या घरची भांडणं ती ऐकायची. आणि ती गेली कुठे, तर बसने दोन तासांवरच्या रास अल खैमाला, एका हॉटेलात चादरी धुणाऱ्या चोवीस वर्षांच्या केनियन मुलीच्या खोलीवर. रविवारी सकाळी मी सुरमईच्या तुकड्यांना हळद-मीठ लावत होते, हात बरबटलेले, म्हणून लिडियाचा फोन स्पीकरवर घेतला. "आंटी वंदना, मामा इज गॉन." त्यांच्याकडे आईला आणि आईसारख्या बाईला मामा म्हणतात, ते मला ठाऊक होतं… तरी वाक्य आत उतरायला वेळ लागला. आणि उतरल्यावर माझ्या तोंडून जे निघालं ते रडणं नव्हतं. मी विचारलं, "ती तुझ्याकडे काय करत होती?"

कारण आदल्याच दिवशी दारात उभी राहून एस्तर मला म्हणाली होती, "वंदे, उद्या मला जेवायला धरू नको गं. ड्युटी आहे." ती क्लिनिकमध्ये नर्स होती, तिच्या ड्युट्या कधीही लागायच्या, मी कशाला शंका घेऊ? ड्युटी नव्हतीच. शनिवारी संध्याकाळी ती स्टँडवरून बसने रास अल खैमाला गेली, रविवारी पहाटे छातीत दुखायला लागलं, लिडियाने टॅक्सी करून इस्पितळात नेलं आणि तासाभरात सगळं खलास. छप्पन्न वर्षांची बाई, आयुष्यभर दुसऱ्यांचं बीपी मोजलेली. माझ्याशी ती खोटं बोलून गेली होती. का बोलली, तेही मला माहीत आहे. लिडियाकडे जाते म्हटलं की माझं तोंड दोन दिवस उतरलेलं असायचं, आणि ते तोंड बघायचा तिला कंटाळा आला होता.

आता हे कबूल केलंच आहे तर पुढचंही करते. मी मत्सरी बाई आहे. लहानपणी ठाण्याला बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण दुसऱ्या मुलीबरोबर डबा खाताना दिसली तर मी माझा डबा न उघडता घरी न्यायचे आणि आईचा मार खायचे. लग्नानंतर नवऱ्याबद्दल असं काही वाटलं नाही, सुहासला कुणी पळवून नेईल अशी भीती मला कधी वाटली नाही. मैत्रिणीच्या बाबतीत मात्र माझं मन अजून त्या बाकावरच बसलेलं आहे. या पुरवणीच्या संपादकांनी "तुम्ही तिला सगळ्यांत जवळून ओळखत होतात, तुम्हीच लिहा" असं म्हटलं तेव्हा मला आधी रडू आलं नाही, आधी बरं वाटलं. एस्तरला हे सांगितलं असतं तर ती पोट धरून हसली असती.

ती हसायचीच तशी. राहुरीकडची, उंच, काळीसावळी, पायात कायम पांढरे नर्सचे बूट. नवरा लग्नानंतर चार वर्षांत गेला, मूल नव्हतं, म्हणून इथे आली. आम्ही नवीन राहायला आलो त्या आठवड्यात माझी ईशा तीन वर्षांची होती, तापाने फणफणली होती, आणि मी सुहासवर ओरडत होते की याच्यापेक्षा ठाण्याची चाळ बरी. दार वाजलं. दारात ही. म्हणाली, "इतक्या शुद्ध मराठीत कोण भांडतंय ते बघाया आले. पोरगी आजारी आहे ना? सरका." आत आली, ईशाचे कपडे काढले, ओल्या फडक्याने अंग पुसलं, मला चहा टाकायला लावला आणि तो पिताना माझ्या साखरेच्या डब्याला मुंग्या आहेत हेही सांगून गेली. तेव्हापासून दोन्ही दारं उघडी. माझ्या गणपतीला तिच्या हातचे मोदक फुटायचे म्हणून तिला सारण ढवळायचं काम, तिच्या नाताळला करंज्या मी करायच्या. "तुझ्या देवाला माझ्या करंज्या चालतात का गं?" असं मी विचारायचे. "त्याला चालतात, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना फार चालतात," असं ती सांगायची.

आणि मग दरवर्षी ऑगस्ट यायचा. इथले निम्मे लोक उन्हाळ्यात गावी जातात. एस्तर तिची सगळी रजा साठवून केनियात जायची. किसुमूच्या पुढे दोन तास कच्च्या रस्त्याने एक मिशनची शाळा आहे, तिथे सुट्टीत खेड्यापाड्यांतल्या मुलींचं पाच दिवसांचं शिबिर भरतं. गाणी, बायबलचा पाठ, खेळ, आणि एस्तरच्या वाट्याला आलेला तास, मुलींना त्यांच्या अंगाबद्दल सांगायचा. पाळी आली की तिथल्या मुली चार-पाच दिवस शाळेत येत नसत, घरात वापरायला धड कापडही नसे. एस्तर त्यांना धुऊन वापरायच्या घड्या शिवायला शिकवायची, आत फ्लॅनेल, वर सुती कापड, बाजूला टिचबटण. त्या घड्यांचं कापड वर्षभर कापायचं कोण? मी! मी मैत्रिणींचे ब्लाउज शिवते, माझ्या हाताला कात्रीची सवय आहे. करामातल्या टेलरांकडून एस्तर फ्लॅनेलचे तुकडे गोळा करून आणायची, मी पुठ्ठ्याचं माप धरून कापायचे, शंभर-शंभरचे गठ्ठे बांधायचे. पाठ माझी मोडायची आणि सप्टेंबरात फोटो तिचे यायचे, तीसचाळीस मुलींच्या घोळक्यात हिचं डोकं तेवढं वर. "बघ, तुझी कापडं," ती म्हणायची. मी कापडं बघायचेच नाही. मी तिच्या कमरेला धरलेले हात बघायचे.

तेरा वर्षांपूर्वी मी म्हटलं, यंदा मी पण येते. सेवा वगैरे माझ्या मनात नव्हती, मला फक्त बघायचं होतं की तिथे असं काय आहे जे इथे माझ्याकडे नाही. सुहास म्हणाला, "तिथला संडास कसा आहे ते विचारलंस का?" ईशा तेव्हा नऊ वर्षांची, टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, "आई, यू विल लास्ट टू डेज. मॅक्स." एस्तरने मात्र मला मिठीच मारली. "खरंच येतेस? यल्ला, चल!" तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला अजून दिसतो, आणि तो दिसला की पुढचं सांगणं आणखी जड जातं.

पहिल्या दिवसापासून माझं बिनसलं. मला पाहुण्यांची खोली दिली, मच्छरदाणी, टेबल, पाण्याचा जग. एस्तरने स्वतःची गादी मुलींच्या हॉलमध्ये टाकली. "तुला तिथे झोप लागणार नाही," म्हणाली, आणि खरंच होतं ते, पण मला विचारायचं तरी! सकाळी उठावं तर ती नळावर वीस मुलींबरोबर दात घासत उभी. जेवायला बसावं तर तिच्या दोन्ही बाजूंच्या जागा भरलेल्या. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, उगाली, तो बोटांनी तोडून पालेभाजीबरोबर खायचा. मला तो गिळवत नव्हता आणि ती दुसऱ्यांदा मागून घेत होती. चहा मात्र त्यांच्याकडे आपल्यासारखाच, दूध घालून उकळलेला, आणि त्याला चहाच म्हणतात. मी बहुतेक वेळ चुलीपाशी चहा ढवळणाऱ्या बाईशेजारी बसून काढला. मुली मलाही प्रेमाने आंटी म्हणत होत्या. पण आंटी आणि मामा यांतलं अंतर मला चांगलं कळत होतं.

त्या शिबिराची एक रीत आहे. पहिल्या दुपारी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकतात, मुलींच्या, शिक्षिकांच्या, स्वयंपाकिणीच्या, पाहुण्यांच्याही. प्रत्येकीने एक उचलायची. जिचं नाव येईल ती तुमची. पाच दिवस तिच्यासाठी रोज प्रार्थना करायची, तिला कळू द्यायचं नाही, तिच्यासाठी हाताने काहीतरी बनवायचं, आणि शेवटच्या दिवशी सगळ्या गोल उभ्या राहिल्या की तिच्यासमोर जाऊन सांगायचं, तू माझी होतीस. प्रत्येकीला कुणीतरी असते आणि प्रत्येकजणी कुणाची तरी असते. एस्तरने मला हे मराठीत दोनदा समजावून सांगितलं. पुढे बरीच वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले की मला नियम नीट कळला नव्हता, मला ते हळदीकुंकवाच्या वाणासारखं वाटलं, कुणीही कुणालाही द्यावं, कमी-जास्त झालं तरी चालतं. खोटं आहे. मला नियम पूर्ण कळला होता.

माझ्या चिठ्ठीत नाव होतं लिडिया. कोण ते मी शोधून काढलं. अकरा वर्षांची, त्या वर्षी पहिल्यांदाच आलेली, अबोल, स्वेटरची बाही सतत तोंडात धरणारी. वडील नव्हते, आजीपाशी राहत होती. डब्यात हात घालताना मी मनातल्या मनात एकच नाव घोकलं होतं, आणि ते आलं नव्हतं. मी दोन दिवस ती चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या अबोल पोरीला एस्तर मांडीशी घेऊन टाका घालायला शिकवत होती. तिचा हात हातात धरून, "असं… असं… शाब्बास गं बये," असं चक्क मराठीत. मी चुलीपाशी गेले आणि चिठ्ठी आत टाकली. केवढासा तो कागद, लगेच गेला. मग मी खोलीत जाऊन एस्तरसाठी पिशवी शिवायला घेतली. निळं सुती कापड, कडेने साखळी टाका, मधे मराठीतला ए. तीन दिवस डोळे फोडून शिवली. इतकं सुबक काम मी माझ्या ईशासाठीही केलेलं नाही.

शेवटच्या दुपारी आंब्याच्या झाडाखाली सगळ्या गोल उभ्या राहिल्या. एकेक मुलगी पुढे जायची, नाव घ्यायची, टाळ्या, मिठ्या, कुणी मण्यांचं कडं देतंय, कुणी कागदाचं फूल. एस्तरची चिठ्ठी फेथ नावाच्या मोठ्या मुलीला आली होती, तिने कडं घातलं. मग मी गेले. म्हटलं, तू माझी होतीस. मुली हसल्या, त्यांना वाटलं मैत्रिणीची गंमत आहे. एस्तरने पिशवी हातात घेतली, टाका बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि तिचे डोळे भरले. तेवढी पाच-दहा सेकंदं मी जगातली सगळ्यांत सुखी बाई होते. मग टाळ्या थांबल्या. गोल पूर्ण झाला होता आणि लिडिया अजून उभीच होती. तिची स्वतःची भेट दुसऱ्या मुलीला देऊन झाली होती. तिच्यासमोर कुणी आलं नव्हतं. हात पाठीमागे बांधून ती वाट बघत होती, आधी हसत, मग नुसतीच. शिबिराच्या मुख्य बाईंनी विचारलं, लिडियाचं नाव कुणाकडे आहे? मी माझ्या चपलेकडे बघत होते… मला फक्त एक पाऊल पुढे टाकायचं होतं. रिकाम्या हाताने का होईना, जायचं होतं. मी गेले नाही.

एस्तर गेली. मोठ्याने हसत म्हणाली, "अरे देवा, मीच ती! माझ्याकडे दोन चिठ्ठ्या चिकटून आल्या होत्या, मी गप्प बसून मजा बघत होते." आणि गुडघ्यांवर बसून तिने लिडियाला जवळ घेतलं. तिच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं, म्हणून हातातली निळी पिशवी तिने लिडियाच्या हातात ठेवली. माझी पिशवी! माझा साखळी टाका, माझा ए, त्या स्वेटर चावणाऱ्या पोरीच्या हातात. लाज वाटायला हवी होती ना मला? वाटली, पण नंतर. आधी जो आला तो संताप होता, की माझी वस्तू हिने दुसऱ्याला दिलीच कशी.

परतताना नैरोबीच्या विमानतळावर चहा घेताना एस्तर एवढंच म्हणाली, "वंदे, पुढच्या वर्षी तू घरीच कापडं काप. ते तुला छान जमतं." मी म्हटलं, बरं. चिठ्ठीचा विषय तिने काढला नाही, मी काढला नाही. तिला काही कळलं नसावं असं मी धरून चालले. दोन चिठ्ठ्या चिकटल्याची थाप तिने वेळ मारून न्यायला मारली, पण कुणाची चिठ्ठी कुठे गेली याचा हिशोब ती कशाला लावेल? पुढच्या वर्षी मी दुप्पट कापड कापलं. त्याच्या पुढच्या वर्षीही.

लिडिया मात्र आमच्या घरात आली ती गेलीच नाही. आधी पत्रं, मग फोटो, मग व्हॉट्सॲपवरचे निरोप. लिडिया परीक्षेत पास झाली, लिडियाच्या आजीचा पाय मोडला, लिडियाने आता इतर मुलींना घड्या शिवायला शिकवलं. एस्तर माझ्याकडे चहाला बसून ते वाचून दाखवायची आणि मी मुद्दाम मिक्सर लावायचे. चार वर्षांपूर्वी लिडियाला रास अल खैमाच्या हॉटेलात नोकरी लागली आणि एस्तरच्या महिन्यातल्या दोन सुट्ट्या तिकडे गेल्या. माझ्याबरोबर मीना बाजारात अस्तरं घ्यायला यायची ती बंद झाली. एकदा मी स्पष्टच म्हटलं, "तुला पोरगी मिळाली, आता शेजारीण कशाला लागेल?" ती चिडली नाही. कप माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "चहा निवला गं, गरम कर."

राहुरीहून एस्तरचा भाऊ आला आणि तिचा देह गावी घेऊन गेला. इथे त्यांच्या चर्चच्या मंडळीने स्मरणाची उपासना ठेवली. मी आणि सुहास पाचव्या रांगेत. पहिल्या रांगेत लिडिया. पाळकसाहेबांनी तिला बोलायला बोलावलं, मला कुणी विचारलं नाही, आणि मी त्या दिवशीही, त्या जागीही, मनात हिशोब करत होते की एकोणीस वर्षं मोठी की तेरा. मग लिडिया बोलायला लागली. म्हणाली, मी अकरा वर्षांची होते तेव्हा एका शिबिरात माझ्या नावाची चिठ्ठी कुणाकडेच नव्हती. मामा म्हणाली की तिच्याकडे दोन चिकटून आल्या. पण त्या चिठ्ठ्यांच्या घड्या मीच घातल्या होत्या, मोठ्या बाईंनी मला ते काम दिलं होतं. एकेक कागद वेगळा. त्या चिकटणं शक्यच नव्हतं. मला तेव्हाच कळलं की मामा माझ्यासाठी सगळ्यांसमोर खोटं बोलली. घरी जाताना मी विचारलं, तू माझी खरोखर नव्हतीस ना? ती म्हणाली, नव्हते, पण आता आहे, आणि पाच दिवसांपुरती नाही. लोक डोळे पुसत होते. ज्या पोरीवरून मी तेरा वर्षं जळले, तिला एस्तरच्या पदरात मीच टाकलं होतं. मी ती चिठ्ठी जपली असती तर लिडिया पाच दिवस माझी झाली असती आणि मग आपल्या आजीकडे गेली असती.

भाऊ जाताना फ्लॅटची चावी माझ्याकडे देऊन गेला. भाड्याची मुदत संपायच्या आत घर रिकामं करायचं होतं. लिडिया तिच्या सुट्टीच्या दिवशी आली. दुपारभर आम्ही दोघींनी सामान आवरलं. ती इंग्रजीत बोलते, मधे मधे हॉटेलात शिकलेलं हिंदी. एस्तरच्या चादरींच्या घड्या घालत होती, कडेला कडा लावून, तळहाताने दाबून, आणि मी समोर कपाटाशी उभी. माझ्याने राहवेना. मी म्हटलं, "लिडिया, तुझी चिठ्ठी माझ्याकडे होती. मी ती चुलीत टाकली."

तिने हातातली घडी पूर्ण केली. ती खाली ठेवली. मग म्हणाली, "मालूम है, आंटी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, "मामाकडे दोघीजणी गेल्या आणि माझ्याकडे कुणीच आलं नाही. मी अकरा वर्षांची होते, दोनच्या पुढे मला मोजता येत होतं." आवाज चढला नव्हता, पण गोडही नव्हता. "मी तुमचं काय केलं होतं?"

"काही नाही," मी म्हटलं. "तू एस्तर नव्हतीस, एवढंच." मग मी विचारलं, इतकी वर्षं तू गप्प का राहिलीस? ती म्हणाली, मामाने सांगितलं होतं. म्हणाली होती, तू विचारू नको, ती आपणहून येईल. तेव्हा मी एस्तरच्या पलंगावर बसले आणि जे चार आठवड्यांत आलं नव्हतं ते रडू आलं, मोठ्याने, नाक वाहेपर्यंत. लिडियाने मला जवळ वगैरे घेतलं नाही. तिने पाणी आणून दिलं. मी थांबल्यावर तिने विचारलं, "एक दिवस तरी प्रार्थना केली होती का माझ्यासाठी?" मी मान हलवली, नाही. तिने पंजा समोर धरला, पाची बोटं उघडी. "मग पाच दिवस बाकी आहेत, आंटी. मंडेपासून सुरू करा."

आता एवढं झाल्यावर माणसाने गप्प बसावं की नाही? पण स्वभावाला औषध नसतं. लिडिया सांगत होती की एस्तर रोज सकाळी सहाला गॅलरीत उभी राहून तिला फोन लावायची आणि दोघी मिळून सगळ्यांची नावं घ्यायच्या, शिबिरातल्या मुली, क्लिनिकमधले रुग्ण, अल क्वोजच्या कामगारवस्तीत राहणारे तिच्या गावाकडचे दोन मजूर. मी विचारलं, "माझं नाव असायचं?"

"रोज."

"कितवं?"

लिडिया पहिल्यांदा हसली. "शेवटचं."

लागलंच मला. त्या दोन मजुरांच्याही मागे! तिला ते दिसलं असावं, कारण ती घाईने म्हणाली की बाकीची नावं मामा इंग्रजीत घ्यायची, तुमच्याशी आली की मराठीत जायची. मग खूप वेळ बोलायची. मला काही कळायचं नाही, लिडिया म्हणाली, माझी लाँड्रीची बस यायची, मी तशीच फोन कानाला लावून बसमध्ये चढायचे. पण सुरुवातीचं वाक्य रोज तेच असायचं, ते मला पाठ आहे. आणि त्या मुलीने, जिला मराठी येत नाही, एस्तरच्या राहुरीच्या हेलात ते म्हणून दाखवलं. "हिला वेळ लागतो, देवा. थांब जरा."

"याचा अर्थ काय, आंटी?" तिने विचारलं. मी तो सांगितला. सांगायला बराच वेळ लागला.

सोमवारी मी सुरू केलं. सकाळी सहाला गॅलरीत उभी राहते. सुहास आतून डोकावून जातो, विचारत काही नाही. हात जोडायचे की नुसते धरायचे, ते ठरत नाही. माझे देव आत देव्हाऱ्यात आहेत आणि एस्तरचा देव बहुधा समोरच्या कुलूप लावलेल्या फ्लॅटमध्येच राहिला आहे, त्यामुळे कुणाशी बोलायचं तेही नक्की नाही. लिडियाचं नाव घेते. तिच्या आजीचा पाय बरा राहू दे, तिच्या सुपरवायझरला जरा बुद्धी होऊ दे, तिला रविवारी सुट्टी मिळू दे. पहिले दोन दिवस नुसतं नाव घेऊन मी लगेच आत पळत होते. शुक्रवारी पाच दिवस झाले. शनिवारी मला जाग आली ती सहालाच, आणि मी बाहेर जाऊन उभी राहिले. आज अकरावा दिवस आहे. परवा फोनवर लिडियाला म्हटलं की शेवटी मी एस्तरचंही नाव घेते. तर म्हणाली, आमच्यात गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत, ते देवापाशी पोचलेले असतात. मी बरं म्हटलं. तरी सगळ्यांत शेवटी एस्तरचं नाव घेते आणि तिला सांगायला लागते, अगं, ती चिठ्ठी… अजून ते वाक्य एका दमात पूर्ण झालेलं नाही.